परिचारिकांच्या शिक्षणाला मान मिळवून देणाऱ्या रमाबाई रानडे

दरवर्षी १२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा तो जन्मदिवस होय. नाइटिंगेलबाईंनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांसाठी शाळा सुरू केली आणि रुग्णसेवा हे शिकून करावयाचे काम आहे हे जगाला पटवून दिले, ही गोष्ट आपण लहानपणी पाठ्यपुस्तकांतून वाचली आहे. परंतु आपल्या महाराष्ट्रात, मराठी कुटुंबातील मुलीने रुग्णालयाच्या वॉर्डात उभे राहून हे शिक्षण घ्यावे आणि त्यात कमीपणा नसून मान आहे, हे समाजाच्या गळी उतरविण्यासाठी ज्यांनी आयुष्याची शेवटची १५ वर्षे वेचली, त्या रमाबाई रानडे यांचे या दिवशी क्वचितच कोणाला स्मरण होते.

रमाबाईंचे नाव मराठी वाचकांना अपरिचित आहे असे मुळीच नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून, तसेच १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आमच्या आयुष्यातील काही आठवणी या आत्मचरित्राच्या लेखिका म्हणून त्या सर्वांना ठाऊक आहेत. २०१२ साली त्यांच्या जीवनावरील दूरदर्शन मालिकेमुळे तर त्या घराघरांत पोहोचल्या. तथापि पतीकडून पाटीवर अक्षरे गिरवायला शिकणारी लहानगी वधू एवढेच त्यांचे चित्र पुष्कळांच्या मनात राहिले. वैधव्यानंतर त्यांनी जे उभे केले, विशेषतः परिचारिकांच्या शिक्षणासाठी जे केले, ते मागे पडले.

आम्हा नाशिककरांना तर या जीवनकथेत अधिक गोडी वाटावी अशी कारणे आहेत. न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातील निफाड येथे झाला. रमाबाईंनी आपले पहिले जाहीर भाषण नाशिकमध्ये केले. आणि आज महाराष्ट्रातील परिचर्या महाविद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या प्रमाणपत्रावर ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे नाव असते, तेही नाशिकमध्येच आहे.

देवराष्ट्रे गावची यमुना

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी, सध्याच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी, कुर्लेकर घराण्यात झाला. यशवंतराव चव्हाण यांचेही हेच जन्मगाव. रमाबाईंचे माहेरचे नाव यमुना. मुलीला लिहावयास वाचावयास शिकविणे ही गोष्ट त्या काळी चांगल्या घरालाही अशुभ वाटे. १८७३ साली, वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह झाला.

वर होते ३१ वर्षांचे, विधुर आणि विधवाविवाहाचे नामांकित पुरस्कर्ते. रानडे यांनी एखाद्या विधवेशीच पुनर्विवाह करावा अशी सुधारकांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकविली आणि त्याबद्दल त्यांना आयुष्यभर टीका सोसावी लागली. या वादात त्या अकरा वर्षांच्या मुलीचा काहीच दोष नव्हता. तरीही ज्या घरात ती आली, त्या घरावर हा ठपका आधीच ठेवला गेला होता.

रानडे यांनी विवाह होताच पत्नीचे शिक्षण सुरू केले. प्रथम मराठी, पुढे इंग्रजी. दिवसभर घरकाम करावे आणि रात्री पतीजवळ बसून धडे गिरवावेत असा क्रम पडला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचले नाही. टोमणे, अबोला, कामांत मुद्दाम आणलेला व्यत्यय हे सारे रमाबाईंच्या वाट्याला आले. त्यांनी वडीलधाऱ्यांना उलट उत्तर दिले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. नम्रता आणि चिकाटी यांचा हा मेळ त्यांच्या स्वभावात तेव्हाच रुजला. पुढे एका मोठ्या लोकमताशी सामना करताना त्यांना तोच उपयोगी पडला.

नाशिकचे दिवस

१८७८ साली रानडे यांची पुण्याहून नाशिकला बदली झाली. पुण्यातील सासरच्या मोठ्या गोतावळ्यापासून दूर, या शहरात रमाबाईंना थोडा मोकळा श्वास घेता आला. येथील शाळेच्या एका समारंभात प्रमुख पाहुण्या म्हणून त्यांना बोलावणे आले. वय सोळा. चारचौघांत बोलण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यांचे ते भाषण स्वतः रानडे यांनी लिहून दिले होते.

हा तपशील आम्हाला लहान वाटत नाही. पहिल्या पायरीवर कोणीतरी हात धरावा लागतो, हे रमाबाईंनी स्वतः अनुभवले होते. जिला शिकण्याची संधी नाकारली गेली आहे, तिला नुसते शीक म्हणून भागत नाही. तिच्या पाठीशी घर, माणसे आणि धीर उभा करावा लागतो, हे त्या कधी विसरल्या नाहीत. पुढे त्यांनी काढलेल्या संस्थेची घडण पाहिली की या अनुभवाचे महत्त्व लक्षात येते.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. रमाबाई रानडे त्यात उत्साहाने सामील झाल्या. पुढल्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुण्यात मोठे वादळ उठले. दोन रमाबाईंच्या वाटा वेगळ्या झाल्या. पण स्त्रियांनी स्त्रियांसाठी संस्था उभारावी हा धडा रमाबाई रानडे यांनी त्या दिवसांत पाहिला होता. १८८४ साली रानडे, भांडारकर आणि मोडक यांच्या प्रयत्नांतून पुण्यात मुलींची शाळा निघाली, ती आज हुजूरपागा या नावाने प्रसिद्ध आहे.

एका चहाच्या पेल्याची गोष्ट

परिचारिकेचे काम त्या काळी किती अवघड होते हे समजण्यासाठी एक प्रसंग लक्षात घ्यावा लागेल. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी जमली होती. हे मिशन अँग्लिकन पंथीयांचे. तेथे पाहुण्यांपुढे चहा आला. काहींनी तो घेतला, काहींनी पेला हाती घेऊन खाली ठेवला. उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि शहरात गहजब झाला. शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, चौकशी बसली. रानडे आणि टिळक हे दोघेही त्या यादीत होते आणि अखेरीस रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले.

ख्रिस्ती संस्थेतील एका पेलाभर चहाने ज्या समाजात एवढी खळबळ माजली, त्या समाजातील मुलीने अनोळखी माणसाचे मलमूत्र काढावे, जातीपातीचा विचार न करता जखमा धुवाव्यात, परपुरुषाच्या खाटेशी रात्रभर जागावे ही कल्पनाच लोकांना सहन होण्यासारखी नव्हती. रुग्णालयातील स्वच्छतेची कामे खालच्या मानल्या गेलेल्या जातींची, बाळंतपणाचे काम सुईणीचे आणि परिचारिकेचे काम युरोपियन, अँग्लो-इंडियन व देशी ख्रिस्ती स्त्रियांचे, अशी वाटणी ठरून गेली होती. इतर घरांतील मुलगी या कामाला गेली तर तिचे नाव बदनाम होई.

आणि गरज तर रोज वाढत होती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ साली तो पुण्यात पसरला. लोक रुग्णालयाच्या नावाने थरथरत, घरातील आजारी माणसे लपवून ठेवत. याच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. आपल्या भाषेत बोलणारी, आपल्या घरातली वाटणारी, पण रीतसर शिकलेली परिचारिका असती तर कित्येक कुटुंबांनी रुग्णालयाचा धसका घेतला नसता, असे आम्हाला वाटते.

वैधव्य आणि नवे आयुष्य

१८९३ साली रानडे मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मुंबईत रमाबाईंनी हिंदू स्त्रियांसाठी एक सामाजिक व साहित्यिक मंडळ काढले, भाषा, सामान्यज्ञान, शिवणकाम यांचे वर्ग चालविले. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे यांचे निधन झाले. रमाबाईंना ३९ वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा काही दिवस उरले होते. मूलबाळ नव्हते.

त्या पुण्याला परतल्या आणि सुमारे वर्षभर त्यांनी बाहेरच्या जगाशी संबंध ठेवला नाही. विधवेने कोपऱ्यात बसून उरलेले दिवस काढावेत अशीच समाजाची अपेक्षा होती. पण रमाबाई त्या कोपऱ्यातून बाहेर आल्या. तुरुंगातील स्त्री कैद्यांना त्या भेटू लागल्या, सुधारगृहातील मुलांची विचारपूस करू लागल्या, रुग्णालयातील आजाऱ्यांसाठी फळेफुले घेऊन जाऊ लागल्या. आळंदीच्या यात्रेत येणाऱ्या स्त्रियांच्या मदतीसाठी त्यांनी पुढे स्वयंसेविका नेल्या. १९०४ साली मुंबईत भरलेल्या महिला परिषदेच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रुग्णालयाच्या खाटांमधून फिरताना दया दाखविणे आणि त्या खाटेजवळ उभे राहून काय करावे याचे ज्ञान असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फळे वाटल्याने रुग्णाला बरे वाटते. ताप मोजणे, जखम बांधणे, बाळंतिणीचा धोका वेळीच ओळखणे यासाठी विद्या लागते. रमाबाईंचे पुढील कार्य दयेकडून विद्येकडे गेलेले दिसते.

सेवासदन

१९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन ही संस्था स्थापन केली. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि रमाबाई त्याच्या अध्यक्षा झाल्या. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामात त्यांचे खंदे सहकारी होते. प्रारंभीचे वर्ग रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यातच भरत. १९१५ साली पुणे सेवासदन स्वतंत्रपणे नोंदविले गेले आणि संस्थेचा विस्तार झपाट्याने झाला. अध्यापिकांचे प्रशिक्षण, शिवणकाम, इंग्रजी, प्रथमोपचार असे अनेक वर्ग चालत. शिकणाऱ्यांत विधवांची संख्या मोठी होती.

यांपैकी सर्वांत कठीण काम परिचारिकांच्या शिक्षणाचे होते. पुण्याच्या ससून रुग्णालयात सेवासदनाच्या मुलींना परिचर्येचे शिक्षण मिळावे अशी व्यवस्था करण्यात आली. पण मुली आणायच्या कोठून? आईबाप, सासूसासरे, दीर, भाऊ सगळेच नकार देत. रमाबाईंनी घरोघर जाऊन समजूत घातली. ज्या विधवेचे पुढे काय करावे हा घरालाच प्रश्न पडला होता, तिच्यासाठी हा मार्ग मोकळा करावा असे त्यांनी सुचविले. हळूहळू मुली येऊ लागल्या.

या यशाचे खरे मर्म आमच्या मते वसतिगृहांत होते. सेवासदनाने तीन वसतिगृहे चालविली. त्यांतील एक डॉक्टरी शिकणाऱ्या मुलींसाठी होते आणि बाकीची परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलींसाठी. रुग्णालयाचे काम रात्रंदिवस चालते. रात्रपाळी संपवून मुलगी कोठे जाणार, कोणाच्या नजरेखाली राहणार, काय खाणार, हे प्रश्न पालकांच्या मनात पहिले असतात. या प्रश्नांची उत्तरे न देता जो मुलींना शिकायला बोलावतो, त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. रमाबाई रानडे यांच्या नावाचे वसतिगृह म्हणजे आपल्या लेकीसाठी दुसरे घरच, हा विश्वास पुण्यातील जुन्या वळणाच्या कुटुंबांनाही वाटू लागला.

याशिवाय आणखी एक महत्त्वाची गोष्ट साधली गेली. रुग्णालयाच्या आश्रयाने शिकणारी मुलगी ही अनेकदा कमी पैशांत मिळालेले दोन हात एवढीच राहते. वॉर्डात माणसे कमी पडली की तिचा वर्ग बुडतो. सेवासदनाची मुलगी ससूनच्या वॉर्डात काम करीत असली तरी ती सेवासदनाची विद्यार्थिनी होती. तिच्यामागे एक शिक्षणसंस्था होती. रुग्णसेवा शिकणारी मुलगी आधी विद्यार्थिनी आहे, मग मनुष्यबळ आहे, हा विचार विद्यापीठीय परिचर्या शिक्षणाचा गाभा आहे. देशात परिचर्येची पदवी सुरू होण्याच्या पुष्कळ आधी त्याचे बीज येथे पडले होते असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आपल्या ख्रिस्तसभेतही अडसर होता

हे वाचताना कोणाला वाटेल की अडचण केवळ रूढिप्रिय हिंदू समाजाची होती. ख्रिस्ती स्त्रियांनी तर हे काम आधीपासूनच केले. हे खरे आहे, आणि त्याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. मराठी माणूस आजही रुग्णालयात परिचारिकेला सिस्टर म्हणूनच हाक मारतो. रुग्णसेवेला वाहून घेतलेल्या धर्मभगिनींचे स्मरण त्या एका शब्दात टिकून आहे.

परंतु आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेतही एक अडसर होता. व्रतस्थ धर्मभगिनींनी वैद्यकीचा व्यवसाय करू नये आणि बाळंतपणाचे काम हाती घेऊ नये असा नियम दीर्घकाळ लागू होता. ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर मेरी ग्लाउरी १९२० साली आंध्रातील गुंटूर येथे आल्या आणि धर्मभगिनी झाल्या. डॉक्टर म्हणून काम चालू ठेवण्यासाठी त्यांना पोपमहोदयांची खास परवानगी लागली. ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने आदेश काढून ही बंदी उठविली आणि प्रसूतिशास्त्रासह वैद्यकीय शिक्षण घेण्याची वाट धर्मभगिनींना खुली केली. सिस्टर मेरी ग्लाउरी यांनीच १९४३ साली कॅथलिक रुग्णालयांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली, जी आज कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया म्हणून ओळखली जाते.

पावित्र्याच्या एका समजुतीने पुण्याच्या वाड्यांतील मुलींना वॉर्डाबाहेर ठेवले होते, तर दुसऱ्या एका समजुतीने आपल्या मठांतील भगिनींना प्रसूतिगृहाबाहेर ठेवले होते. दोन्हीकडे कोणीतरी चिकाटीने आणि नम्रतेने ते दार उघडले.

अखेरची वर्षे

रमाबाई सेवासदनापुरत्या थांबल्या नाहीत. पुण्यात मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे यासाठी १९२० च्या सुमारास त्यांनी चळवळ उभारली. मुंबई इलाख्यातील स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा यासाठी त्या पुढे आल्या. फिजीसारख्या परदेशांत गेलेल्या हिंदी मजुरांच्या दुःखाकडेही त्यांचे लक्ष होते. १९२४ साली त्यांचे निधन झाले. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

पदवीपर्यंतचा प्रवास

रमाबाईंच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी, १९४६ साली, दिल्लीतील परिचर्या महाविद्यालयात आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. १९५९ साली दिल्लीत या विषयाची पदव्युत्तर पदवी आली. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली पुण्यात स्थापन केलेले महिला विद्यापीठ पुढे ठाकरसी यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्या विद्यापीठाने १९६४ साली मुंबईत परिचर्येचे महाविद्यालय सुरू केले. सेवासदन आणि महिला विद्यापीठ या दोन्ही संस्था एकाच शहरात, काही वर्षांच्या अंतराने जन्मल्या होत्या, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

१९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली आणि त्याचे मुख्यालय नाशिकला म्हसरूळ परिसरात आले. डॉक्टरांबरोबर परिचारिकाही एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली आल्या. आज बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून २०२१ साली परिषदेने तो आठ सत्रांत नव्याने आखला. याखेरीज तीन वर्षांची जी.एन.एम. ही पदविका आहे, पदविका झालेल्यांसाठी दोन वर्षांची पदवी आहे आणि पुढे एम.एस्सी. व पीएच.डी.चीही सोय आहे. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नव्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ परिचर्या महाविद्यालये उभारण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी संसदेने १९४७ च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व सुईण आयोगाचा नवा कायदा संमत केला.

कागदावर पाहता रमाबाईंचे स्वप्न पूर्ण झाले असे वाटेल. आम्हाला मात्र ते अर्धेच पूर्ण झालेले दिसते. परिचर्या शिकणे आता कोणाला लज्जास्पद वाटत नाही. सर्व धर्मांच्या आणि जातींच्या मुली, आणि आता मुलगेही, या वर्गांत बसतात. मुलगा परिचारक झाला तर त्याला वॉर्डात ब्रदर म्हणतात. पण शिक्षणाचा दर्जा सर्वत्र सारखा नाही. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा असा दंडक आहे. तो पाळला जातो की नाही हे प्रत्येक ठिकाणी तपासून पाहावे लागते. काही महाविद्यालयांच्या इमारती मोठ्या असतात, पण विद्यार्थ्यांना शिकायला पुरेसे रुग्ण नसतात. आणि रुग्णाशिवाय परिचर्या शिकणे म्हणजे पाण्यात न उतरता पोहणे शिकण्यासारखे आहे.

शिक्षण पूर्ण झाल्यावर वेतनाचा प्रश्न उभा राहतो. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबाबत २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीने २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे आणि ५० हून कमी खाटांच्या रुग्णालयातही ते महिन्याला २०,००० रुपयांच्या खाली नसावे, अशी शिफारस केली. या शिफारशीला आता बरीच वर्षे लोटली. चार वर्षांची विद्यापीठीय पदवी घेतलेल्या मुलीला त्याहून कमी पगारावर राबावे लागत असेल, तर समाजाने तिचे शिक्षण मान्य केले पण तिच्या विद्येची किंमत मान्य केली नाही असेच म्हणावे लागेल. करोनाच्या काळात आपण या भगिनींना टाळ्या वाजवून मान दिला. तो मान त्यांच्या वेतनपत्रकातही दिसावयास हवा.

पालकांनी काय पाहावे

आपल्या धर्मप्रांतातील अनेक कुटुंबांतून मुलेमुली परिचर्येकडे वळतात. काही परगावी जातात, काही परदेशी जाण्याचे स्वप्न पाहतात. त्यांच्या पालकांना आम्ही एवढेच सुचवू इच्छितो की प्रवेश घेण्यापूर्वी काही गोष्टी स्वतः जाऊन पाहाव्यात. संस्थेला परिचर्या परिषदेची आणि विद्यापीठाची त्या वर्षाची मान्यता आहे काय? तिचे स्वतःचे, रुग्णांनी भरलेले रुग्णालय आहे काय? शिक्षक प्रत्यक्षात वर्गात आणि वॉर्डात येतात काय? वसतिगृह सुरक्षित आहे काय, आणि रात्रपाळीनंतर मुलींची ने-आण कशी होते? मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याची किंवा सक्तीने नोकरी करवून घेण्याची अट तर नाही ना? वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांशी बोलल्यास यांतील बहुतेक प्रश्नांची उत्तरे मिळतात.

हे प्रश्न नवे नाहीत. ससून रुग्णालयात लेक पाठविताना पुण्यातील आईबापांनी शंभर वर्षांपूर्वी असेच प्रश्न विचारले असतील. त्यांना उत्तर देण्यासाठी रमाबाई रानडे स्वतः त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आज ते उत्तर देण्याची जबाबदारी संस्थाचालकांची, शासनाची आणि आपणा सर्वांची आहे. ज्यांच्या हाती रुग्णालये व परिचर्या शाळा आहेत त्या आपल्या ख्रिस्ती संस्थांची ती थोडी अधिकच आहे, कारण या विद्येचा वारसा आपण अभिमानाने सांगतो.

पुढच्या वेळी रुग्णालयात एखाद्या तरुण परिचारिकेला सिस्टर म्हणून हाक मारताना तिचे नावही विचारावे, तिने कोठे शिक्षण घेतले याची आस्थेने चौकशी करावी आणि तिच्या कामाला विद्येचे काम म्हणून मान द्यावा. रमाबाईंच्या स्मृतीला याहून उचित अभिवादन आम्हाला सुचत नाही.